पाच मिनिटं माझ्या तोंडाकडे बघ

॥ बिरोबाच्या नावानं चांगभलं ॥

बिराप्पा तात्याच्या विहिरीजवळची वस्ती,
ता. तासगाव. चैत्र वद्य पंचमी.
(इंग्रजी तारीख कॅलेंडरवर आहे, पण तिच्यावर कारभारणीने दुधाचा हिशेब लिहिलाय.)

प्रिय जयराज यास, अमृतचा कोरड्या जमिनीवरून रामराम.

पत्र बघून दचकू नकोस. आमच्याकडे कुणी गेलेलं नाही. (जाता जाता राहिलो तो मीच, पण ते सावकाश सांगतो.) फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअॅपवर दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे काहीच येत नाही, म्हणून म्हटलं लिहावं. तसंही आपलं बोलणं लिहूनच जास्त झालंय. आधी नौदलात आणि मग आपल्या त्या दोन माणसांच्या कंपनीत, वीस वर्षं तोंडात नळी धरून आपण पाण्याखाली पाटीवर पेन्सिलीने बोललो. वर आल्यावर बोलायला फारसं काही उरायचं नाही. आता तीन वर्षं झाली, वर पाच महिने, तुझ्या बाजूची पाटी कोरीच आहे.

कामाचं आधी लिहितो, म्हणजे तू पत्र मध्येच फाडलंस तरी काम होईल. तुझ्या वडिलांचा तो पितळी पानाचा डबा, ज्यात आपण पानाऐवजी यंत्राच्या रबरी ओ-रिंगा ठेवायचो (चुन्याच्या डबीत ग्रीस, सुपारीच्या कप्प्यात बारक्या रिंगा, आणि अडकित्त्याच्या जागी पाना), तो तुझ्याकडे असणार. त्यातल्या, यंत्राच्या चुन्याच्या डब्याला लागणाऱ्या दोन मोठ्या रिंगा पोस्टाने पाठव. बस, एवढंच काम. पुढचं सगळं पत्र त्या दोन रिंगांसाठी घातलेला पेंढा समज.

आता घरच्यांची चौकशी. काकींचे गुडघे कसे आहेत? शिवांजली वहिनींचा रक्तदाब? उसाला तोड वेळेवर मिळाली का, की यंदाही कारखान्याच्या चिटबॉयमागे हिंडावं लागलं? आणि मनुबाई कशी आहे? (वहिनी हे पत्र वाचत असतील तर त्यांच्या माहितीसाठी: मनुबाई हे जयराजच्या रीब्रीदरचं, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायच्या यंत्राचं नाव आहे. माझ्या यंत्राचं नाव रंगूबाई. आपल्या आयुष्यात तिसरी कुणी नव्हती.) तिचे तिन्ही सेन्सर हयात आहेत का? थोरला अजून खरं बोलतो, की धाकट्या दोघांनी संगनमत करून त्याला बाहेर काढलं? मला ही पद्धत कधीच पटली नाही. ऑक्सिजन किती आहे ते तीन सेन्सरांनी सांगायचं, दोघांचं जुळलं की तिसरा खोटा ठरवायचा, आणि मेलेले दोघे एकाच दिवशी मेलेले असले तरी बहुमत त्यांचं. तू म्हणायचास, ग्रामपंचायतीत असंच चालतं, तिथे कुठे कोण बुडतं. मी म्हणायचो, बुडतं, पण हळूहळू.

असल्या गप्पा मारायला आता माणूस नाही, जयराज. परवा बायकोला म्हटलं, रंगूबाईचं डावं फुफ्फुस गळायला लागलंय, तर ती म्हणाली, "मग मिरजंला दावा की." तुला आठवतं, मिरजेत माझ्या चुलत्याला बघायला गेलो होतो आणि दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर आपण आदल्या आठवड्याच्या बुडीबद्दल बोलत बसलो होतो? तू म्हणालास, "माझा ऑक्सिजन दोनदा खाली आला, पण म्हटलं आलोय तर अजून दहा मिनिटं काढू." मी म्हणालो, "माझ्या तर डोक्यात कार्बन डायऑक्साइड चढला होता, तरी वर यायला जीव होईना." शेजारी कुणाचे तरी वडील ॲडमिट होते. त्या माणसाने वडिलांसाठी आणलेलं शहाळं तुझ्यापुढे ठेवलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि डोळे पुसत आत गेला. तू ते शहाळं प्यायलास. अर्धं मला दिलंस. मी ही गोष्ट इथे चौघांना सांगून बघितली. चौघांनीही विचारलं, "मग तुमाला झालं काय व्हतं?"

आता मुख्य हकिकत. योजनेचं पाणी आल्यापासून आमच्याकडे विहिरी भरून आहेत. (माझ्या लहानपणी टँकरमागे घागर घेऊन पळणाऱ्या गावात आज ऐंशी फूट पाणी आहे, आणि गावातला एकुलता एक पाणबुड्या बेदाण्याच्या शेडवर पंखे फिरवत बसलाय.) होळीच्या आदल्या दिवशी बिराप्पा तात्याची पाणबुडी मोटर दोर तुटून तळाला गेली. दोन दिवस त्यांनी गळ टाकून बघितला. गळाला एक घागर, एक चप्पल आणि भावकीतल्या भांडणात सात वर्षांपूर्वी नाहीसा झालेला हद्दीचा दगड लागला, मोटर लागली नाही. दगडावरून पुन्हा भांडण सुरू झालं आणि त्यात मोटर मागे पडली. शेवटी तात्या माझ्याकडे आला. "अमृता, बाग वाळाय लागलीया रं. तू समिंदरात गेलास, आमच्या हिरीत यायला काय लाज वाटती काय?"

मी नाही म्हणणार होतो. मुरुडेश्वरनंतर मी पाण्यात उतरलोच नव्हतो. रंगूबाई माळ्यावर बेदाण्याच्या क्रेटमागे होती, तिच्यावर एका कोंबडीने संसार मांडला होता. पण खाली काढली, पुसली, आणि तिचा तो रबराचा वास आला, आणि मग माझं काही खरं राहिलं नाही. आई ओसरीवर ज्वारी निवडत होती. तिने वर न बघता विचारलं, "आन् तुजा जोडीदार कवा येतुया?" मी म्हटलं, त्याला ऊस आहे. "बारा म्हैनं ऊस असतुय व्हय?" म्हणाली, आणि पुन्हा ज्वारीत डोकं घातलं.

चुना नव्हता. यंत्रात घालायचे ते पांढरे दाणे, आपला सोडलेला श्वास ज्यातून गाळून परत येतो, ते इथे कुठे मिळणार? मग आठवलं की भूल द्यायच्या मशीनमध्येही तेच दाणे असतात. मिरजेतल्या एका भूल देणाऱ्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "पेशंट किती?" म्हटलं, एकच. "ऑपरेशन कसलं?" म्हटलं, मोटर काढायचंय. त्यांनी चष्मा काढला. मग मी त्यांना आपलं ठरलेलं भाषण ऐकवलं: साधा पाणबुड्या श्वास सोडतो तो बुडबुड्यांनी वाया जातो, आमचं यंत्र तो वाया घालवत नाही, त्यातली घाण काढून, थोडा ऑक्सिजन घालून तोच परत देतं. हे यंत्र दुष्काळी माणसानेच शोधलं असणार. आमच्याकडे अंघोळीचं पाणी भांड्याला, भांड्याचं म्हशीला आणि म्हशीच्या पुढचं उरलेलं शेवग्याला जायचं, तसंच हे. डॉक्टर आटपाडीकडचे निघाले. त्यांनी डब्बा दिला आणि एवढंच विचारलं, "सोबत कोण आहे खाली?" मी म्हटलं, आहे एक जण. इथून माझ्या खोटं बोलण्याला सुरुवात झाली असं लिहिणार होतो, पण तेही खरं नाही.

सोबत होते सुभेदार नाथाजी. तू त्यांना ओळखत नाहीस. मराठा बटालियनमधून रिटायर झालेले, मिशीला तूप लावतात, गावात कुणाचं काहीही असलं तरी कमांड घेतात. मी त्यांना काठावर बसवून समजावलं: "सुभेदार, पाण्यात जायच्या आधी मी नाक बंद करून पाच मिनिटं ह्या यंत्रातून श्वास घेणार. तुम्ही समोर बसायचं आणि माझ्या तोंडाकडे बघायचं. दुसरं काही करायचं नाही. चुना नीट बसला नसेल तर मला कळत नाही, डोकं आधी बधिर होतं. समोरच्याला कळतं. माझे डोळे फिरले, मला धाप लागली, तर तोंडातली नळी काढायची." सुभेदारांनी सावधान होऊन, "समजलं साहेब," म्हटलं आणि माझ्याकडे असं बघायला सुरुवात केली की मला शत्रूच्या चौकीत बसल्यासारखं वाटायला लागलं.

एक मिनिट छान गेलं. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी पोरांना मागे सरकायला सांगितलं, पण नजर माझ्यावर. तिसऱ्या मिनिटाला त्यांचा फोन वाजला. सुनेचा होता, गॅस संपल्याचा. सुभेदार तिकडे वळले आणि मी इकडे नाक चिमटून, तोंडात नळी धरून त्यांच्या पाठीकडे बघत बसलो. बोलता येत नाही, हात हलवला तर त्यांना वाटणार मच्छर. यंत्र ठीक होतं, मला काही होत नव्हतं. तरीही जयराज, मला घाम फुटला. ज्याने आपल्याकडे बघायचं तो बघत नाही, आणि आपण मात्र त्याच्याकडे बघतोय, हे त्या बाजूने कसं असतं ते मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

तुला माहीत होतं. मुरुडेश्वरच्या होडीत दिवाळीनंतरच्या त्या सकाळी तू नळी तोंडात घेऊन बसला होतास, मी समोर होतो, आणि मी फोन बघितला. तुझ्या चुन्याच्या डब्याची रिंग नीट बसली नव्हती. पाच मिनिटं बघितलं असतं तर तुझ्या डोळ्यांत मला दिसलं असतं, मला तुझे डोळे माझ्या बायकोच्या डोळ्यांपेक्षा जास्त पाठ आहेत. मी अंगठा आणि बोट जुळवून ठीक आहे म्हणून खूण केली आणि आपण उतरलो. चाळीस मीटरवर तुझा श्वास तुटला. तू शुद्धीत होतास म्हणून वाचलास, स्वतःच साध्या सिलिंडरवर आलास, स्वतःच वर आलास. मी नुसता बाजूला होतो. वर येईपर्यंत चुन्याच्या पाण्याने तुझं तोंड आणि घसा भाजला होता. दवाखान्यात तुला बोलता येईना म्हणून तू पाटी मागितलीस आणि तिच्यावर लिहिलंस, "काय बघत होतास?" मी सांगितलं, आमच्या प्रांजलचा दहावीचा निकाल. तू थोडा वेळ माझ्याकडे बघितलंस आणि पाटी पुसलीस. तिसऱ्या दिवशी तू हुबळीच्या गाडीत बसून निघून गेलास, मला न सांगता.

असो. विहिरीकडे येतो.

(हे "असो" मी बराच वेळ बघत बसलो होतो. चहा घेऊन आलो.)

खाली काळोख आणि गारठा. मोटर गाळात नाक खुपसून बसली होती. नाडा बांधला, दोनदा ओढून बघितला, काम वीस मिनिटांत झालं. मग वर येताना वीस फुटांवर थांबलो, रक्तातला नायट्रोजन निघून जाऊ द्यायला, जसं तू मला हातोडा मारून मारून शिकवलंस. वर विहिरीचं तोंड उजेडाने भरलेलं. रंगूबाई गप्प. एक कासव आलं, चष्म्यात डोकावलं आणि गेलं. मला इतकं हसू आलं की नळीतून पाणी आत आलं, आणि हसता हसता सवयीने डावीकडे बघितलं, तुला कासव दाखवायला. डावीकडे विहिरीची भिंत होती. मी तिथे गरजेपेक्षा जास्त वेळ थांबलो, जयराज. वर जायला मन होईना म्हणून नव्हे. वर गेल्यावर हे सांगायचं कुणाला, म्हणून.

वर मात्र माझा कार्यक्रम आटोपत आला होता. चूक माझीच. सगळ्यांना सगळं सांगितलं, पण ह्या यंत्रातून बुडबुडे येत नाहीत हे सांगायचं राहिलं. ते तुला कधी सांगावं लागलं नव्हतं ना! आमच्या गावात माणूस विहिरीत बुडी मारतो तेव्हा काठावरचे बुडबुडे मोजत बसतात. बुडबुडे आहेत तर माणूस आहे. पहिली पाच मिनिटं सगळे बुडबुड्यांची वाट बघत बसले. दहाव्या मिनिटाला कुणीतरी म्हणालं, "शाळंतल्या मास्तरास्नी बोलवा." (मास्तरांनी येऊन काय करायचं होतं ते अजून कळलेलं नाही.) पंधराव्या मिनिटाला बायका जमल्या आणि भावकीतल्या एका चुलतीने सूर लावला. हे सगळं शेजारच्या भाऊसोने मोबाइलवर घेतलंय, मी चार वेळा बघितलं. "लय गुनाचं माझं ल्येकरू, कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई." ह्याच चुलतीने मागच्या पंचमीला माझी म्हैस तिच्या बांधावर गेली म्हणून मला सरपंचापुढे उभं केलं होतं. तात्याचा आवाज फाटला होता, "मोटर ऱ्हाऊ द्या रं! मोटर गेली खड्ड्यात! आदी पोरगं काडा!" मला भरून आलं. पुढच्या वाक्याला तो म्हणाला, "पर त्येनं मोटरला नाडा बांदलाय काय, त्ये तेवडं बगा."

तेव्हा सुभेदार नाथाजींनी कमांड घेतली. बारा माणसं, नाडा, आणि तोच तो तीन नख्यांचा गळ. मला वरून काहीतरी चकाकत येताना दिसलं. वाटलं, दुसरं कासव. तो गळ माझ्या पाठीवरच्या पट्ट्यात असा बसला की मी मोजून लावला असता तरी तसा बसला नसता. वरून "लागलं! लागलं!" आणि बारा माणसांचा हिसका. थांब्याची माझी शेवटची दोन मिनिटं राहिली होती! मी हाताने, पायाने, सगळ्या आंतरराष्ट्रीय खुणा केल्या. रंगूबाई जागी झाली आणि तिन्ही सेन्सर पहिल्यांदाच एकमताने किंचाळायला लागले. बादलीसारखा मी पाण्याबाहेर आलो, हातपाय हलवत, पाठीतून आवाज काढत, आणि निम्मे लोक पळाले. नाडा धरलेल्या बारांतलेसुद्धा पाच पळाले, त्यामुळे मी एकदा परत खाली जाऊन आलो.

काठावर आणून मला उताणा टाकला. तोंडात नळी होती म्हणून बोलता येईना. मी अंगठा आणि बोट जुळवून हात वर केला, ठीक आहे म्हणून. कुणालाच समजेना. कुणी हात जोडले, एकाने तोच हात धरून नाडी बघितली, सुभेदारांनी सॅल्यूट ठोकला. आणि मग गर्दीच्या पायांमधून मला आई दिसली. ती रडत नव्हती. ती सुरुवातीपासून तिथेच पायरीवर बसून होती, भाऊसोच्या व्हिडिओतही तशीच दिसते. तिने पदरातून हात काढला, सुरकुतलेला अंगठा आणि बोट जुळवून गोल केला आणि मला परत दाखवला. आपण अंगणात कोरडा सराव करायचो तेव्हा तू तिला ही खूण शिकवली होतीस. "आये, आमी असं इचारलं की तुमी असंच उत्तर द्यायचं, न्हाईतर आमी घाबरतो." आठवतं का तुला? मी विसरलो होतो. नंतर मी तिला विचारलं, तू का नाही घाबरलीस. म्हणाली, "तुमी दोगं बोललेलं ऐकलंय की मी. बुडबुडं येत न्हाईत म्हनून." आणि मग हळूच म्हणाली, "पर दोगं असताव म्हंटल्यावर भ्या वाटत न्हवतं. आज वाटलं." आमचं यंत्र गावात एकट्या तिलाच कळतं, आणि तिला कुणी काही विचारलं नाही.

मोटर निघाली. तात्याची बाग वाचली. वापरलेला चुना मी शेडच्या कोपऱ्यात कागदावर पसरून ठेवला होता, वापरला गेला की तो जांभळा होतो हे तुला ठाऊकच आहे. सांगलीचा एक व्यापारी बेदाणा बघायला आला, हिरवा बघितला, पिवळा बघितला आणि जांभळ्यापाशी थबकला. "हा कंचा?" चिमूट उचलून तोंडात टाकणार एवढ्यात मी झेप घेतली. आता सबंध बाजारात बोलवा आहे की अमृतकडे एक नवी जात आहे आणि तो कुणाला चाखू देत नाही. तीन जण रोप मागायला येऊन गेले. प्रांजल विश्रामबागला कॉलेजात असते, तिलाही तिथे कुणीतरी विचारलं.

तर असं इथे क्षेम आहे. तुमच्या सगळ्यांच्या खुशालीचं कळव. काकींना माझा साष्टांग, वहिनींना नमस्कार, मनुबाईला माझ्या वतीने एकदा फुंकर. माझ्या रंगूबाईचा गळाने एक पट्टा फाटलाय, बाकी ती आणि मी, दोघेही वयाच्या मानाने बरे आहोत. रिंगांचं विसरू नकोस.

तुझा,
अमृत

ता. क. – रिंगा पाठवू नकोस. पाठवता येणारच नाहीत. तुझ्या वडिलांचा पानाचा डबा माझ्याकडेच आहे, तू हुबळीच्या गाडीत बसलास तेव्हा तो होडीतच राहिला होता. विहिरीत जाताना लावलेली रिंग त्यातलीच. तीन वर्षं मी तो आठवड्याला एकदा चिंचेने घासतो. तुझ्या गावच्या फाट्यापर्यंत मी तो दोनदा घेऊन आलो होतो, पिशवीत. उंब्रजला उतरून चहा प्यायलो आणि परतीची गाडी धरली.

आणखी ता. क. – दहावीचा निकाल दिवाळीनंतर लागत नाही. हे तुला तेव्हाच कळलं असणार. तू पाटी पुसलीस ती त्यासाठी. मी फोन बघितला ह्याचा तुला राग नव्हता, तुझा तो स्वभावच नाही. मरता मरता वाचलेल्या माणसाने एक साधा प्रश्न विचारला आणि मी त्याला खोटं सांगितलं, वर पोरीचं नाव पुढे केलं. तर "काय बघत होतास?" ह्याचं खरं उत्तर असं: भावकीच्या ग्रुपवर खिलार खोंडाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ आला होता. फेटा बांधलेला खोंड, केक, बँजो. अडीच मिनिटांचा होता. मी शेवटपर्यंत बघितला. खोंडाने केक खाल्ला तेव्हा हसलोसुद्धा. माझ्या बायकोलाही हे माहीत नाही. मला माफ कर असं लिहायला मी हे पत्र घेतलं होतं, आणि मोटरच काढत बसलो.

शेवटचं ता. क. – द्राक्षं संपली, शेड रिकामी आहे, तात्याची विहीर भरलेली आहे. मी विहिरीत उतरायला म्हणून बोलवत नाही. अंगणात ये. कोरड्यात बसू. तू नळी तोंडात घे, मी तुझ्यासमोर पाच मिनिटं बसतो. फोन आईच्या बटव्यात ठेवतो. वाटलं तर दहा मिनिटं बसतो.

खाली गोल आहे तो मी काढलेला नाही. मी खूण काढणार होतो, तर आईने विचारलं, कुणाला लिहितोस, आणि माझ्या हातातून पेन घेतलं. आजवर तिने कागदावर नुसता अंगठाच उठवलाय. हे तिने लिहिलेलं पहिलं अक्षर. वाकडं आलंय, दोन्ही टोकं जुळायला तिला बराच वेळ लागला. माझ्या खुणेला नको देऊस, पण हिला उत्तर द्यावं लागेल. तूच तिला शिकवलंयस.

◯